दुचाकीस्वाराचा वेष : ऊन, पाऊस आणि रस्ता

मांजरा नदीच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, केज तालुक्यात, युसूफ वडगाव हे गाव वसलेले आहे. आणि कचेरीच्या कामासाठी केज, दवाखान्यासाठी व महाविद्यालयासाठी अंबाजोगाई, बाजारहाटासाठी मांजरेकाठचे कळंब, असे येथील माणसाचे जाणेयेणे नित्याचे असल्यामुळे मोटारसायकल ही येथे हौसेची वस्तू राहिलेली नसून कुटुंबाच्या चरितार्थाचे एक अंग बनली आहे. दुधाच्या कॅना, खताचे पोते, फवारणीचा पंप, शाळेला निघालेली मुले आणि माहेरी चाललेली लेक, हे सारे तिच्यावरूनच जाते. याच मुलखात, निजामी अंमलात, अंबाजोगाईचे नाव सरकारदप्तरी मोमिनाबाद असे असताना, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. आणि घोड्यावर बसणाऱ्या त्या शिपायाच्या पायांतील बुटांपासून डोक्यावरील पागोट्यापर्यंत प्रत्येक वस्तू स्वारीच्या कामासाठी ठरलेली असे. आज त्या घोड्याहून कितीतरी अधिक वेगाने धावणाऱ्या वाहनावर आपण बसतो. परंतु अंगावरचा वेष मात्र बांधावरून पायी चालणाऱ्या माणसाचाच राहिला आहे.

या प्रकरणात त्या वेषाचा विचार करावयाचा आहे, आणि तो करताना एक गोष्ट आरंभीच सांगून टाकणे मला अगत्याचे वाटते. अपघातापासून वाचविणारे कपडे आणि हवामानापासून वाचविणारे कपडे असे दोन निरनिराळे वर्ग करण्याची जी पद्धत पडली आहे, ती बाजाराच्या सोयीची असली तरी स्वाराच्या उपयोगाची नाही. वैशाखात ज्या कोटाने जीव गुदमरतो तो कोट, कितीही मजबूत असला तरी, आठ दिवसांत खुंटीला लागतो. आणि घरी खुंटीला लागलेल्या कोटाचा केजच्या रस्त्यावर काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून आपल्या गावचे ऊन, आपल्या गावचा पाऊस व आपल्या गावची पहाटेची थंडी यांना सोसेल असाच वेष प्रथम शोधावा, आणि त्यातल्या त्यात अधिक संरक्षक कोणता हे नंतर ठरवावे, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. या नियमाला अपवाद एकच, आणि तो म्हणजे मस्तक.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ इतकी नोंदविलेली आहे. त्यांत ३५,६९२ चालविणारे होते आणि १४,३३७ मागे बसलेले होते. या दुसऱ्या आकड्यापाशी वाचकाने क्षणभर थांबावे, कारण मागे बसणारी व्यक्ती बहुधा पत्नी, आई किंवा मूल असते, आणि तिच्या डोक्याची चिंता करण्याचा प्रघात आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

मस्तकाच्या रक्षणाचा शास्त्रीय विचार ज्या घटनेतून सुरू झाला ती इंग्लंडात घडली. अरबस्तानातील युद्धामुळे जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स हा १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराजवळ ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जात असता, सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात रस्त्यावर फेकला गेला; त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते, आणि सहा दिवस बेशुद्धीत राहून १९ मे रोजी त्याचा अंत झाला. त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्या शल्यवैद्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा तज्ज्ञ होता. त्या मृत्यूचा त्याच्या मनावर असा परिणाम झाला की, पुढे महायुद्धात लष्करी निरोप पोहोचविणारे मोटारसायकलस्वार शत्रूच्या गोळीवाचूनच रस्त्यावर मरत आहेत हे पाहून त्याने त्यांच्या इजांची पद्धतशीर नोंद ठेवली आणि १९४१ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. हेल्मेट घातलेले जे मोजके स्वार त्याच्या पाहण्यात आले, त्यांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

हेल्मेट नेमके काय करते हे समजले म्हणजे ते कसे निवडावे हे निराळे सांगावे लागत नाही. उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून, नुसते खाली पडले तरी जमिनीला टेकताना मस्तकाचा वेग ताशी १९ किलोमीटरच्या घरात असतो. उघडी कवटी डांबरावर आपटली तर तो सारा वेग दोनएक मिलिमीटरच्या अंतरात संपावा लागतो, आणि आतील मेंदू कवटीच्या भिंतीवर आदळतो. हेल्मेटच्या कठीण कवचाखाली थर्मोकोलच्या जातीचा जो जाड थर असतो, तो आघाताच्या क्षणी चिरडत जातो, आणि चिरडता चिरडता मस्तकाला थांबण्यासाठी वीस मिलिमीटरच्या आसपास अंतर मिळवून देतो. अंतर दहापट झाले की मेंदूवरील जोर दहाव्या हिश्शावर येतो. बाहेरचे कवच तो आघात एका बिंदूवर न ठेवता पसरविते आणि गिट्टीचा कोपरा आत शिरू देत नाही. याचा अर्थ असा की, ज्या स्वस्त टोपणात तो थर नाही, नुसते प्लास्टिक आणि त्याला चिकटविलेले मऊ कापड आहे, ते डोक्यावर असून नसल्यासारखे आहे. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले. पण हा लाभ खऱ्या हेल्मेटचा आहे, पोलिसाला दाखविण्यासाठी घेतलेल्या टोपणाचा नव्हे.

खरे हेल्मेट ओळखण्याची खूण म्हणजे त्यावरील आय.एस.आय. चिन्ह आणि त्याखालील आय.एस. ४१५१ हा मानकाचा क्रमांक. १ जून २०२१ पासून या मानकाबाहेरील हेल्मेट बनविणे व विकणे हाच गुन्हा आहे, तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटे आपण पाहतोच, त्यामुळे खरेदी करताना चिन्ह पाहून आणि पावती घेऊनच करावी. आपल्याच सीमाभागात, बेळगावात, व्हेगा या नावाने हेल्मेट तयार करणारा मोठा कारखाना आहे. चांगली वस्तू मिळण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. नवी दुचाकी घेताना मानकाप्रमाणे हेल्मेट देणे हे मोटार वाहन नियम १३८ अन्वये उत्पादकावर बंधनकारक आहे, आणि ते मागून घेण्यात संकोच धरण्याचे कारण नाही.

माप घेण्यासाठी शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती फिरवावी. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि हाताने ते हलविले असता कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. कातडी जागेवर राहून हेल्मेटच फिरले तर ते मोठे आहे. जाड टोपी किंवा पटका बांधून त्यावर हेल्मेट चढविण्याची वहिवाट आहे ती सोडावी, घाम टिपण्यासाठी पातळ सुती कापड पुरे. हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही तर पहिल्याच आपटीत हेल्मेट निघून जाते आणि दुसरी आपटी उघड्या डोक्याला बसते. पूर्ण तोंड झाकणारे घ्यावे की अर्धे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जर्मनीतील अपघातांच्या पाहणीत हेल्मेटवरील आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागात झालेले आढळले, हे लक्षात घेता मी पूर्ण तोंडाचेच सुचवीन.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा तिला मोठा विरोध झाला, आणि ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, मानेला इजा होते, ही कारणे तेव्हाही पुढे आली. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजलिस परिसरातील ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात यांपैकी एकाही भीतीला आधार सापडला नाही. उकाड्याची तक्रार मात्र खरी आहे, आणि मराठवाड्यातील माणसाने ती करावी हे स्वाभाविक आहे. तिच्यावर उपाय हवा खेळविणाऱ्या झरोक्यांचे, फिक्या रंगाचे आणि अस्तर काढून धुता येणारे हेल्मेट घेणे हा आहे.

मस्तकाखालील शरीराचा प्रश्न थोडा निराळा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार पडला आणि कशावर न आदळता घसरत गेला, तर कोरड्या डांबरावर तो थांबेपर्यंत साधारण १४ मीटर जातो आणि त्याला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत त्याच्या गुडघ्याची, कोपराची, खांद्याची व नितंबाची कातडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असेल, तेवढेच त्याचे. केंब्रिज विद्यापीठातील रॉडरिक वुड्स यांनी कपडे कोठे प्रथम फाटतात याचा अभ्यास करून शरीराचे चार भाग पाडले, आणि त्यावरून युरोपात मानक तयार झाले. त्यातील पहिल्या पातळीच्या वेषाने अतिधोक्याच्या भागात फिरत्या खरखरीत पट्ट्यावर ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीच्या वेषाने ७ सेकंद टिकावे अशी अट होती. साध्या जीनची पँट अशा पट्ट्यावर बहुधा एक सेकंदही पुरत नाही. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे पॉलिएस्टरचे पातळ शर्टपँट तर घर्षणाच्या उष्णतेने वितळून जखमेत चिकटते, आणि ती जखम साफ करणे हे डॉक्टरला व रोग्याला सारखेच यातनेचे होते.

तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने जाड नायलॉनच्या जाळीचे जाकीट घ्यावे, ज्याच्या कोपर, खांदे व पाठीत आघात शोषणाऱ्या गाद्या बसविलेल्या असतात. या गाद्यांवर युरोपीय मानक १६२१ चा क्रमांक व १ किंवा २ ही पातळी छापलेली असते, आणि दुसरी पातळी अधिक संरक्षक असते. नुसत्या स्पंजाचा तुकडा घालून तशीच दिसणारी जाकिटे विकली जातात, म्हणून खिशातून गादी बाहेर काढून क्रमांक वाचावा. ज्याला तेवढा खर्च झेपत नाही त्याने जाड सुती कापडाची, पूर्ण बाह्यांची आणि अंगाबरोबर बसणारी वस्त्रे वापरावीत, व पँटवरून बांधण्याचे गुडघ्यांचे आणि कोपरांचे गार्ड घ्यावेत. अशा साध्या उपायांकडे श्रीमंत स्वार तुच्छतेने पाहतात, परंतु रोज दूध घालणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची वाटी वाचविण्याचे काम ते गार्ड निश्चित करतात.

हात आणि पाय यांबद्दल आपली बेफिकिरी मला सर्वांत अधिक खटकते. पडताना माणूस सहजप्रेरणेने हात पुढे टाकतो, आणि तळहाताची कातडी गेली की महिनाभर ना विळा धरता येतो ना धार काढता येते. म्हणून तळव्याला चामडे आणि मनगटाला पट्टा असलेले हातमोजे घ्यावेत, कारण पट्टा नसलेला मोजा घसरण्याच्या पहिल्या झटक्यात निघून जातो. चप्पल तर आघात होण्याआधीच पायातून सुटते. घोटा झाकणारा चामडी बूट, मग तो कामगारांचा सेफ्टी बूट का असेना, पायाची बोटे व घोटा वाचवितो. त्याच्या नाड्या मात्र आत खोचाव्यात, म्हणजे गिअरच्या दांड्यात अडकणार नाहीत.

मागे बसणाऱ्या स्त्रीच्या वेषाविषयी आपल्या पुस्तकांतून फारसे लिहिले जात नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. साडीचा पदर, निऱ्यांची कड किंवा ओढणीचे टोक चाकात गुंतले की कापड क्षणार्धात गुंडाळले जाते, आणि स्त्री मागे खेचली जाऊन डोक्यावर पडते किंवा गळ्याला फास बसतो. प्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन हिचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे असाच मृत्यू झाला. मोटारीच्या चाकात तिचा लांब स्कार्फ अडकला होता. आपल्या मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात, मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरण्याची कडी, पाय ठेवण्याची जागा, आणि कपडे गुंतू नयेत म्हणून मागील चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे संरक्षक साधन, यांची सक्ती आहे. पाहुण्यांसमोर गाडी ऐटदार दिसावी म्हणून हा साडीगार्ड काढून ठेवणारी मुले आपल्या आईचा व बहिणीचा जीव धोक्यात घालतात, हे त्यांना कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. पदर कमरेला खोचावा, ओढणीची दोन्ही टोके जाकिटाच्या किंवा स्वेटरच्या आत घ्यावीत, आणि अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही म्हणून प्रवासापुरती सैल वेणी मानेपाशी घालावी. एका बाजूला पाय सोडून बसण्यापेक्षा दोहोंकडे पाय टाकून बसणे कितीतरी सुरक्षित आहे; सलवार किंवा साडीखाली पायजमा हा त्यासाठी उत्तम वेष आहे, आणि थोरल्या माणसांनी त्याला नावे ठेवू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता ऋतूंकडे वळू. बीड जिल्ह्यातील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि येथे बहुसंख्य स्वारांची समजूत चुकते. मानवी त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगाला गारवा देतो, परंतु हवा त्याहून तापली की तोच वारा उष्णता अंगात भरू लागतो व घाम झपाट्याने उडवून नेतो. म्हणून गुंड्या सोडून, बाह्या वर करून दुपारच्या उन्हात गाडी पळविणारा माणूस झाकलेल्या माणसापेक्षा लवकर कोरडा पडतो. आत ओला केलेला सुती बनियन किंवा गळ्याभोवती ओले उपरणे, त्यावर पूर्ण बाह्यांचा फिका सुती शर्ट किंवा जाळीचे जाकीट, हेल्मेटची काच खाली, आणि वाटेत दोनदा पाणी, एवढ्याने केज ते अंबाजोगाई हा प्रवास सुसह्य होतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी वैशाखात अंग झाकूनच शेतात काम केले, त्यामागे हाच अनुभव होता. उपरण्याची टोके मात्र आत खोचलेलीच हवीत.

पावसाचे वस्त्र निवडताना डोक्यावरून घालण्याचा सैल घोळ टाळावा, कारण वाऱ्याने तो फुगून स्वाराला ओढतो, फडफडून डोळ्यांवर येतो, आणि त्याचे टोक साखळीत जाते. कोट आणि पँट असा दोन तुकड्यांचा, मनगटाला व घोट्याला आवळणारा रेनकोट घ्यावा, आणि शिवणींच्या आतून पट्टी चिकटविली आहे की नाही हे उलटून पाहावे. बहुतेक रेनकोट कापडातून गळत नाहीत, शिवणीतून गळतात. रबराचे अस्तर दिलेले कापड चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली पेटंट केले, आणि सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कलकत्त्यास स्थापन केलेल्या कारखान्याच्या डकबॅकने ते आपल्याकडे घरोघर पोहोचविले. गुण जुनाच आहे आणि दोषही जुनाच, की बाहेरचे पाणी आत येत नाही तसा आतला घामही बाहेर जात नाही. त्यामुळे रेनकोट हा नेहमीच्या संरक्षक वस्त्रावरून घालण्याचा वेगळा थर असावा, पाऊस थांबताच काढून डिकीत ठेवता यावा. काचेवर आतून धुके धरते तेव्हा ती बोटभर उघडी ठेवावी. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरील तेल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती यांचा जो राडा होतो, त्यावर कोणताही बूट टिकत नाही. तेथे वेग कमी करणे हाच उपाय. विजेपासून तर कोणतेही वस्त्र वाचवीत नाही, आणि गाडीचे रबरी टायर वाचवितात ही समजूतही खोटी आहे; ढग गडगडू लागले की झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. गारपिटीत मात्र, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जी पाहिली तशा गारपिटीत, बांधलेल्या हेल्मेटची किंमत कळते.

हिवाळ्यात पारा १० अंशांवर असताना ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला तो ५ अंशांसारखा लागतो. बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून थंडीतील हातमोजे हे सुखासाठी नसून सुरक्षिततेसाठी आहेत. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे घोंगडी पांघरणाऱ्या धनगराला ठाऊक आहे. पण विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे स्वेटर आत आणि रेनकोटसारखे वारारोधक वस्त्र बाहेर, हा क्रम ठेवावा.

याच दिवसांत ऊसतोडीचा हंगाम असतो, आणि मांजरेकाठच्या रस्त्यांवर पहाटे व रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या चालतात. त्यांच्यामागे दिवा नसतो आणि आपण त्यांच्या चालकाला दिसत नाही, असा दुहेरी धोका असतो. भडक पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा व संधिप्रकाशात उठून दिसतो, परंतु अंधारात तो साध्या रंगाइतकाच निरुपयोगी असतो. तेथे दिव्याचा प्रकाश आल्या दिशेने परत पाठविणारी चंदेरी पट्टी लागते. न्यूझीलंडमधील ऑकलंड भागात झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा भडक रंगाचे किंवा पट्टीचे कपडे वापरणाऱ्यांचा गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी, आणि काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घालणाऱ्यांचा २४ टक्क्यांनी कमी आढळला. ही पट्टी जाकिटाच्या पाठीवर, हेल्मेटच्या मागे आणि दुधाच्या कॅनवरही लावावी. तिला लागणारा खर्च एका पेट्रोलभरणीहून कमी आहे.

पैसा थोडा असेल तर तो या क्रमाने खर्चावा असे मी सुचवितो: प्रथम दोन चांगली हेल्मेटे, एक आपले व एक मागे बसणाऱ्याचे, मग हातमोजे आणि बूट, मग चंदेरी पट्टी व रेनकोट, आणि जाकीट त्यानंतर. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे झाले आहे आणि न घातल्यास १,००० रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. त्याहून लहान, नऊ महिन्यांवरील मुलांसाठी २०२२ च्या नियमाने हेल्मेट, चालकाच्या अंगाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली आहे. टाकीवर पुढे बसविलेले मूल हे हँडल व बापाची छाती यांच्यामध्ये चिरडले जाते, म्हणून ती सवय ताबडतोब सोडावी.

हेल्मेट पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये, त्यावर रंग मारू नये व ते उन्हात आरशाला टांगून ठेवू नये, कारण या साऱ्यांनी कवच ठिसूळ होते. एकदा जोराचा आघात झाला की आतील थर कायमचा दबतो, आणि बाहेरून एक ओरखडाही दिसत नसला तरी ते हेल्मेट पुन्हा काम देत नाही. ते धाकट्या भावाला न देता पट्टा कापून टाकून द्यावे आणि नवे घ्यावे.